सुप्याचा वारा आणि मोकळे वस्त्र

पुण्याहून नगरकडे निघालेला प्रवासी शिरूरजवळ घोड नदी ओलांडतो तेव्हा जिल्हा बदलतो आणि थोड्याच अंतरावर मुलूखही बदलतो. नारायणगव्हाण, वाडेगव्हाण ही गावे मागे पडतात, उसाची हिरवाई विरळ होत जाते, आणि दोन्ही अंगांना माळरान पसरू लागते. बाभळी, कुसळी गवत, उघडे खडक आणि मधूनमधून मूग-बाजरीची, कांद्याची शेते. हा पारनेर तालुका. सह्याद्रीने पाऊस अडवल्यावर जे ढग उरतात, ते या पठारावरून बहुधा न बरसताच पुढे निघून जातात. पाऊस कमी असला तरी वाऱ्याला मात्र येथे तोटा नाही. पारनेरचा रस्ता जेथे महामार्गापासून फुटतो, ते गाव सुपा. सुप्याच्या परिसरातील डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या उभ्या आहेत, आणि आषाढात त्यांची पाती फिरू लागली की या गावाची खरी संपत्ती कोणती, ते परक्या माणसालाही सांगावे लागत नाही.

सुप्याचे दोन चेहरे आहेत. एक शेतकऱ्याचा आणि दुसरा कारखान्याचा. औद्योगिक वसाहत येथे वाढली. जपानी कंपन्यांसाठी राखून ठेवलेला भागही तिच्यात आहे. पाळी बदलण्याच्या वेळी बसगाड्या थांबतात, आणि एकसारख्या पँट-शर्टातील तरुणांचे लोंढे दारातून आत-बाहेर होतात. त्याच रस्त्याच्या कडेला, फाट्यावर गाडीची वाट पाहणारा एखादा वृद्ध शेतकरी दिसतो. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर टोपी आणि नेसायला धोतर. वारा जोराने आला की तो न बोलता सोगा उचलतो, कमरेला खोचतो, आणि पुन्हा रस्त्याकडे पाहू लागतो. ही हालचाल इतकी सवयीची असते की त्याला ती केल्याचे कळतही नसावे. पँट घातलेल्या तरुणाला ती कधी शिकावीच लागली नाही.

या दोन माणसांच्या मध्ये एक तिसरे वस्त्र ठेवून पाहण्याजोगे आहे. ते या मातीतले नाही, पण त्याच्यामुळे या मातीतल्या वस्त्राची ओळख नव्याने पटते. ते वस्त्र म्हणजे किल्ट. परदेशी शिकायला गेलेल्या मुलांनी पाठविलेल्या छायाचित्रांत, लग्नसमारंभाच्या चित्रफितींत स्कॉटलंडचा चौकड्यांचा लोकरी किल्ट अनेक व्यापारी कुटुंबांनी पाहिलेला असतो. परंतु अलीकडे आणखी एक प्रकार रूढ झाला आहे. जाड सुती कापडाचा, एका रंगाचा, बाजूला मोठे खिसे असलेला, रोजच्या कामाचा किल्ट. २००० साली अमेरिकेतील सिएटल शहरात सुरू झालेल्या ‘युटिलिकिल्ट्स’ या उद्योगाने तो लोकप्रिय केला. सुतार, माळी, रंगारी, डोंगर चढणारे असे उघड्यावर काम करणारे पुरुष तो घालू लागले. पुढे तो अनेक ठिकाणी शिवला जाऊ लागला. पाकिस्तानातील सियालकोट हे त्याचे एक मोठे निर्यातकेंद्र आहे. आता तो घरबसल्या मागविता येतो, आणि म्हणूनच एखाद्या घरात मुलगा तो मागवायचे म्हणतो, तेव्हा आजोबा चष्मा काढून विचारतात, ‘हा घागरा कोणासाठी?’

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी किल्टची जन्मकथा ऐकून घेणे बरे. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ भागात सोळाव्या शतकाच्या अखेरीस लोक एक लांबरुंद लोकरी वस्त्र वापरू लागले. त्याचा अर्धा भाग चुण्या घालून कमरेला पट्ट्याने आवळायचा, उरलेला अर्धा खांद्यावर टाकायचा. पाऊस आला की तोच डोक्यावर घ्यायचा, आणि रात्री त्यातच गुरफटून माळावर झोपायचे. हे वर्णन वाचताना पारनेरच्या माळावरचा मेंढपाळ डोळ्यांपुढे येतो. त्याची घोंगडी हीच पावसातली खोळ, हेच बसायचे आसन, हेच रात्रीचे अंथरूण. दोघांच्या मध्ये अर्धी पृथ्वी आहे; परंतु मेंढ्या, वारा आणि खडकाळ चढ या तिन्ही गोष्टी समान असल्या, की माणसाची बुद्धी त्याच उत्तरापाशी येऊन पोहोचते.

त्या मोठ्या वस्त्राचा खालचा अर्धा भाग वेगळा कापून आजचा आखूड किल्ट झाला, तो अठराव्या शतकात. याविषयी एक जुनी कथा सांगितली जाते. टॉमस रॉलिन्सन नावाच्या इंग्रज कारखानदाराने स्कॉटलंडच्या डोंगरात लोखंडाची भट्टी घातली. झाडे तोडताना आणि भट्टीजवळ राबताना मजुरांना खांद्यावरचे लांबलचक वस्त्र अडचणीचे होई. म्हणून त्याने त्याचे दोन तुकडे करविले. हा रॉलिन्सन क्वेकर, म्हणजे युद्धाला विरोध करणाऱ्या पंथाचा होता. ही कथा सर्वच इतिहासकारांना मान्य नाही. पण ती खरी असेल, तर आखूड किल्टचा जन्म रणांगणावर नव्हे, कारखान्यात झाला असे म्हणावे लागेल. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीला तर ही गोष्ट आपल्या घरचीच वाटावी.

पुढे या वस्त्रावर मोठे संकट आले. डोंगरी लोकांचे बंड मोडल्यानंतर ब्रिटिश सरकारने १७४६ साली कायदा करून त्यांचा पोशाख पुरुषांना निषिद्ध ठरविला. सरकारी पलटणींतील सैनिकांना तेवढी सवलत होती. हा कायदा १७८२ साली, म्हणजे ३६ वर्षांनी रद्द झाला. एका पिढीला जे घालता आले नाही, ते पुढच्या पिढीने अभिमानाने घातले. वस्त्र परत आले. इतकेच नव्हे, तर पुढे ते साऱ्या स्कॉटलंडचे चिन्ह होऊन बसले.

त्या डोंगरी पलटणींपैकी एक नगरच्या तटापर्यंतही येऊन गेली आहे. ८ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्ली याने नगर शहराच्या तटावर शिड्या लावून हल्ला केला, त्या हल्ल्यात ७८ वी हायलँडर पलटण अग्रभागी होती. चार दिवसांनी, १२ ऑगस्टला भुईकोट किल्लाही पडला. तेव्हा नगरच्या रहिवाशांनी त्या परक्या सैनिकांकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल, ते सांगता येत नाही. पण तटाच्या दोन्ही बाजूंना एक साम्य होते. आतला नगरकर धोतर नेसणारा होता आणि बाहेरच्या सैनिकाच्या डोंगरातील घरी किल्ट होता. पायांना दोन वेगळ्या नळ्यांत कोंडून ठेवणे हाच पुरुषाचा एकमेव सभ्य पोशाख, असे त्या दोघांपैकी कोणाच्याही घरी मानले जात नव्हते.

आता मुलाच्या मागणीकडे वळू. असा किल्ट विकत घ्यायचा झाला, तर पहिली चूक मापात होते. पँटच्या चिठ्ठीवरचा आकडा येथे उपयोगाचा नाही. पँट कमरेच्या खाली बसते, किल्ट बेंबीच्या आसपास बांधायचा असतो. शिवाय पँटवरचा आकडा आणि प्रत्यक्षातला घेर यांत बरेचदा तफावत असते. म्हणून फीत घेऊन, श्वास न रोखता, बेंबीवरून घेर मोजावा; नितंबांचा घेर वेगळा घ्यावा; आणि लांबी कमरेपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत धरावी. त्याहून लांब झाला तर चालताना पोटऱ्यांत अडकतो, आखूड झाला तर बसताना पंचाईत होते.

दुसरी गोष्ट कापडाची. पुढचा पदर सपाट आणि मागे दाट चुण्या, ही किल्टची रचना. चुण्यांना वजन हवे. स्वस्तातला पातळ, कृत्रिम धाग्याचा किल्ट चित्रात छान दिसतो, पण सुप्याच्या वाऱ्यापुढे त्याचा निभाव लागणार नाही. जाड विणीचे सुती कापड, ज्याला दुकानदार कॅनव्हास किंवा ड्रिल म्हणतात, ते घ्यावे. चुण्यांच्या कडा शिलाईने पक्क्या केलेल्या आहेत की नुसती इस्त्री मारली आहे, हेही पाहावे. नुसत्या इस्त्रीच्या चुण्या पहिल्या धुण्यातच विस्कटतात. खिसे बाजूला लोंबते असतील, तर त्यांत पाण्याची बाटली, कात्री, दोरी असे जड सामान ठेवता येते, आणि त्या वजनाने कडाही खाली राहतात.

तिसरी गोष्ट जैन घरांनी विशेष पाहण्याची. पारंपरिक किल्ट लोकरीचा असतो, त्याचे पट्टे चामड्याचे असतात, आणि पुढे लोंबणारी थैलीही चामड्याची, कधी तर केसाळ कातड्याची असते. कामाच्या सुती किल्टला यांपैकी कशाचीच गरज नाही. तरीही शोभेसाठी चामड्याच्या पट्ट्या लावलेले प्रकार विकले जातात. मागविण्यापूर्वी वर्णन नीट वाचावे, शंका आली तर विक्रेत्याला लेखी विचारावे, आणि सुती निवारीच्या पट्ट्याचा, धातूच्या बटणांचा किल्ट निवडावा.

बाहेरून मागवायचाच नसेल, तर आणखी एक मार्ग आहे. शाळेच्या मुलींचे गणवेश शिवणारा शिंपी जवळजवळ प्रत्येक बाजारगावात असतो, आणि चुण्या कशा मोजायच्या, कशा दाबायच्या हे त्याच्या हातात मुरलेले असते. एक नमुना व जाड कापड समोर ठेवले, तर किल्ट त्याच्यासाठी अवघड नाही. पहिल्या भेटीत तो हसेल. माप घेताना मात्र हसणार नाही.

असा किल्ट घालून कोणी तरुण सुप्याच्या माळावर निघाला, तर त्याला काय अनुभव येईल? चैत्र-वैशाखात पहिला लाभ लगेच कळेल. मांड्यांना वारा लागतो, घाम साचत नाही, चढणीवर गुडघा उचलताना कापड ओढत नाही. पण पहिली अडचणही लवकरच भेटेल. कुसळी गवत वाळले की त्याची कुसळे उघड्या पोटरीला टोचतात, बाभळीची फांदी ओरखडा काढते, आणि खडकाळ माळावर फुरशाचीही भीती असते. तेव्हा उंच मोजे आणि घोट्याच्या वरपर्यंतचे बूट ही किल्टबरोबरची अट समजावी. आत सुती चड्डी घालावीच. त्याविषयी परदेशात चालणारे विनोद पवनचक्क्यांच्या डोंगरावर कामाचे नाहीत. बसताना मागच्या चुण्यांवरून हात फिरवून त्या खाली घ्याव्यात आणि पुढचा पदर दोन गुडघ्यांच्या मध्ये सोडावा. मोटारसायकलवर किल्ट गैरसोयीचाच; तेथे पँट बरी.

नेमक्या याच ठिकाणी फाट्यावरच्या वृद्धाचे धोतर पुन्हा आठवते. किल्टला चुण्या मागे, धोतराला निऱ्या पुढे. किल्ट शिवलेला, धोतर साडेचार-पाच वारांचे अखंड वस्त्र. परंतु मोठा फरक कासोट्याचा. धोतराचा कासोटा दोन पायांमधून मागे जातो, म्हणून धोतर नेसलेला माणूस घोड्यावर बसू शकतो, विहिरीत उतरू शकतो, पंगतीत मांडी घालून बसू शकतो. वारा कितीही आला तरी लाज राखली जाते. किल्ट घालून पंगतीत मांडी घालणे जमत नाही. जुन्या पेढीवर गादी-तक्क्याला टेकून दिवसभर हिशेब लिहिणाऱ्या व्यापाऱ्याला धोतराइतके सुखाचे दुसरे वस्त्र नव्हते. पेढीत खुर्ची आणि टेबल आले, तेव्हा पँटलाही जागा झाली. म्हणजे रचनेच्या दृष्टीने पाहिले, तर जे आजोबा किल्टला घागरा म्हणतात, त्यांच्या स्वतःच्या वस्त्रात किल्टच्या सर्व सोयी आहेत, आणि एक सोय अधिक आहे.

मग ते गेले कसे? काही ठिकाणी कारण रास्त होते. १९४८ च्या कारखाना कायद्यात, चालू यंत्राजवळ जाऊन तपासणी वा तेलपाणी करणाऱ्या कामगाराने अंगाशी घट्ट बसणारे कपडे घातले पाहिजेत, अशी तरतूद होती. फिरत्या दांड्यात सोगा अडकला तर माणूस जातो. सुप्याच्या कारखान्यांत धोतर नको, तसा किल्टही नको. तेथे रॉलिन्सनची भट्टी आठवून चालणार नाही. परंतु यंत्रापासून दूर असलेल्या शेतातले, पेढीवरचे, संध्याकाळच्या फेरफटक्यातले धोतर कोणत्या कायद्याने गेले? स्कॉटलंडात सरकारने बंदी घातली, आणि वस्त्र ३६ वर्षांनी परत आले. येथे कोणीही बंदी घातली नव्हती. येथे फक्त कोणीतरी हसले, आणि तेवढे पुरले.

जैन कुटुंबातील पुरुषाला तर हे वस्त्र अजूनही परके नाही. मूर्तिपूजक घरात पूजेसाठी न शिवलेले धोतर आणि खेस लागतो. स्थानकवासी घरांतही सामायिकासाठी पांढरे मोकळे वस्त्र घडी करून ठेवलेले असते. याच जिल्ह्यात चिचोंडी येथे १९०० साली जन्मलेले आचार्य आनंदऋषीजी यांच्यासारख्या संतांनी चोलपट्टा नेसून आयुष्यभर पायी विहार केला. चातुर्मास आटोपल्यावर महामार्गाच्या कडेने जाणारे साधू दिसले, की गाडी थांबवून वंदन करणारे हात त्या वस्त्रासमोरच जोडले जातात. मंदिराच्या पायरीवर जे वस्त्र मान मिळवून देते, तेच पायरी उतरून हमरस्त्यावर आले की हसू आणते. वस्त्र तेच असते. बदलते ती पाहणाऱ्याची नजर. येथे एक मर्यादा मात्र स्पष्ट असावी. किल्ट शिवलेला असल्याने पूजेत त्याला स्थान नाही, आणि त्याने ते मागूही नये. त्याचे स्थान माळावर, बागेत आणि चढणीवर.

या नजरेचा आणखी एक हिशेब घराघरांत बाकी आहे. पुरुषांनी धोतर सोडून पँट घातली, तेव्हा त्यासाठी कोणाची परवानगी लागली नाही, बैठक बसली नाही, संस्कार बुडाल्याची हाकाटीही झाली नाही. घरातल्या सुनेने साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालायचे म्हटले, तेव्हा मात्र किती स्वयंपाकघरांत किती दिवस अबोला राहिला, ते आठवून पाहावे. आज मुलगा किल्ट मागवितो आणि घर कौतुकाने म्हणते, ‘घालू दे, हौस आहे त्याची.’ तोच न्याय मुलीच्या आणि सुनेच्या हौशीला मिळतो का? आणि ज्या आजोबांनी धोतर सोडले नाही, त्यांना लग्नाच्या छायाचित्रासाठी ‘आज तरी पँट घाला’ असे सांगणारे कोण असतात? मोकळ्या वस्त्राचा पुरस्कार करायचा, तर तो घरातल्या सर्वांसाठी करावा लागतो. नाहीतर तो केवळ एका पार्सलाचा आनंद ठरतो.

किल्ट घ्यावा की न घ्यावा, याचे उत्तर काम पाहून द्यावे. उघड्यावर चालणे, झाडांची निगा, डोंगरावरची सकाळ, असा ज्याचा दिवस असेल त्याने जरूर घ्यावा. माप नीट घ्यावे, सुती घ्यावा, चामडे टाळावे. कोणी हसेल म्हणून सोडू नये, आणि कोणी पाहील म्हणून घेऊही नये. आणि घेण्यापूर्वी एकदा घरच्या कपाटातले धोतर काढून, ज्यांना येते त्यांच्याकडून ते नेसायला शिकावे. अर्ध्या तासाचे काम आहे. शिकविणारे हात मात्र प्रत्येक घरात फार काळ असणार नाहीत.

दिवस कलला की सुप्याच्या फाट्यावर गर्दी वाढते. कारखान्याच्या बसगाड्या भरून निघतात, पुढे कामरगाव, चास, केडगाव करीत नगर गाठतात. डोंगरमाथ्यावर पवनचक्क्यांच्या पात्यांवर शेवटचे ऊन असते. फाट्यावरच्या वृद्धाची गाडी आलेली असते. तो कमरेला खोचलेला सोगा पुन्हा एकदा चाचपतो, एका हाताने दांडी धरतो, आणि उंच पायरीवर सहज पाय टाकून आत चढतो.